वाळवंटातला कोंडवाडा

...नाही, मला एक सांगा, दुबईला पाहुणा आला की तो काय करतो? खाडी बघतो, अब्र्यात, म्हणजे खाडीतल्या लाकडी होडीत, बसतो, गोल्ड सूकमध्ये काचेला नाक लावून उभा राहतो, मॉलच्या सरकत्या जिन्यावर बायकोचा हात धरून चढतो, फोटो काढतो, खजुराची पाकिटं बांधतो आणि गुमान परत जातो! जातो की नाही? सगळ्यांचे पाहुणे जातात हो. आमचे आले, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, पंचा काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "जंगल दाखवा."

जंगल! शारजात! अल मजाजच्या आठव्या मजल्यावर बसून! तुम्हाला सांगतो, या देशात येऊन आजवर कुणी सोनं मागितलं असेल, कुणी नोकरी मागितली असेल, कुणी नुसताच व्हिसा मागितला असेल, पण जंगल मागणारा हा पहिलाच माणूस, आणि तो नेमका माझा सासरा असावा? आता मी काय करणार? व्हिजिट व्हिसा माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, पेट्रोल माझं, शुक्रवारची सुट्टी माझी... पण विचारतंय कोण? माझं काय, मी ड्रायव्हर!

आता आमचे सासरे म्हणजे कोण, तेही सांगतो. उभा जन्म वनखात्यात गेला. रेंजर म्हणून लागले, मोठे साहेब होऊन सुटले. मेळघाट झालं, आलापल्ली झालं, नवेगाव झालं, जिथे एसटी पोचत नाही तिथे सासरे पोचलेले. खात्यातून निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री, जीभ अजून नोकरीतच आहे. साधा वरणभात वाढला तरी म्हणतात, "सदर वरणात मीठ कमी असल्याचे निदर्शनास आले." निदर्शनास! अहो, जेवताय की तपासणी करताय? एकदा आमच्या ईशानीने, म्हणजे आमच्या धाकटीने, आजोबांना चित्र काढून दाखवलं. सहा वर्षांचं पोर ते! तर म्हणाले, "समाधानकारक. तथापि झाडाच्या मुळ्या दाखवलेल्या नाहीत."

पहिले चार दिवस मी त्यांना सगळं दाखवलं. खाडी दाखवली. "खाडी आहे, परंतु खारफुटी नाही." रस्त्याच्या दुभाजकावरची खजुराची झाडं दाखवली, प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. ते थांबले, वाकले, नळी हातात धरली आणि माझ्याकडे असं काही बघितलं, जसं काही ती मीच लावली. "सतीशराव, या सगळ्या झाडांना सलाईन लावलंय!"

तुम्ही म्हणाल, हसा आणि सोडून द्या, म्हातारं माणूस आहे. सोडून दिलं असतं हो! पण हा माणूस हवापालटासाठी आलाच नव्हता. हा आला होता पाहणीला. का? तर आमचा अथर्व जूनमध्ये सहावीत जाणार, आणि सासऱ्यांनी पुण्यात एका शाळेत आधीच शब्द टाकून ठेवलेला. "पोरं अशा रखरखाटात वाढवायची? कावळा दिसत नाही, चिंच दिसत नाही, झाडावर चढायचं म्हटलं तर आधी झाड विकत आणायला लागतं! अनूने दोन्ही मुलांना घेऊन पुण्याला यावं. आमच्या वरचा मजला रिकामाच आहे." आणि आमची अनुराधा काय म्हणाली? ती म्हणाली, "बाबा एकदा नीट बघतील, मग ते म्हणतील तसं करू." बाबा म्हणतील तसं! अगं, नवरा म्हणून एक इसम या घरात भाडं भरतोय, त्याला काही म्हणायचंय का, ते विचारशील?

आणि फॅमिली इंडियाला पाठवली की नवऱ्याचं काय होतं, ते मी रोज डोळ्यांनी बघतो. आमच्या ऑफिसात सुजीत आहे. चांगला शारजात टू बेडरूममध्ये राहायचा. मुलांच्या शाळेपायी बायको ठाण्याला गेली आणि हा गेला दुबईत, देऱ्याला, बेडस्पेसमध्ये. बेडस्पेस म्हणजे खोली नाही बरं का, नुसती खाट! एका खोलीत सहा जण, खाटेखाली बॅग, खाटेवर माणूस, आणि बाथरूमला रांग. दर शुक्रवारी फोनकार्ड खरवडून घरी फोन लावतो. मुलगा उचलतो आणि म्हणतो, "हॅलो बाबा, थांबा हं, आईला देतो." संपलं! बापाशी बोलायला त्याच्याकडे तेवढंच. हे सुजीतने मला कँटीनमध्ये हसत हसत सांगितलं. मला नको आहे हो ते! मला संध्याकाळी घरी गेल्यावर भांडणारी बायको पाहिजे, बूट भिरकावणारी पोरं पाहिजेत.

तेव्हा लक्षात घ्या, जंगल दाखवायला निघालो त्या शुक्रवारी सहल नव्हती, माझी परीक्षा होती! आणि विषय कोणता, तर निसर्ग. ज्या विषयात अख्खा देश काठावर पास, त्यात मला फर्स्ट क्लास काढायचा होता.

निघालो. निघालो म्हणजे काय, आधी गाडी भरली. बर्फाचा डबा, चटई, दोन घडीच्या खुर्च्या, थालीपिठांचा डबा, दह्याचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, लाडवांचा डबा, आणि 'वाटेत भूक लागली तर' असा एक स्वतंत्र डबा. मी म्हटलं, "अनू, आपण संध्याकाळी परत येणार आहोत ना?" तर म्हणे, "जंगलात काही मिळत नाही." आता हिलापण जंगल! सासरे खाली उतरले ते खाकी शर्ट, खाकी पँट, पायांत खात्याचे जुने बूट, गळ्यात दुर्बीण, हातात काठी. लिफ्टमध्ये एक लेबनानी शेजारी होता, तो बिचारा सलाम करून कोपऱ्यात उभा राहिला. अथर्व कानांत वॉकमनच्या वायरी घालून मागे बसला आणि म्हणाला, "डॅड, कान्ट वी जस्ट गो टू द मॉल?" मी म्हटलं, राजा, तुझ्या बापाला खाटेवर जायचं नाहीये, म्हणून चाललोय. अर्थात मनात म्हटलं. मोठ्यानं काय म्हणणार? माझं काय, मी ड्रायव्हर!

धैदच्या रस्त्याला लागलो आणि घात झाला. एका बागेबाहेर इंग्रजीत ही मोठी पाटी, 'नॅशनल पार्क'. सासरे सीटवर ताठ बसले! "थांबवा! राष्ट्रीय उद्यान!" मी म्हटलं, "बाबा, ते तसलं नाही..." ऐकतात कुठे! काठी घेऊन उतरले, दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर काय? घसरगुंडी. झोपाळे. तळ्यात बदकं. आणि हिरवळीवर जिकडे बघावं तिकडे माणसं कोळशावर कोंबड्या भाजतायत! सासऱ्यांनी दुर्बीण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिरवली. परत आले, दार लावून घेतलं. मग म्हणाले, "वन्यप्राणी आढळले. शिजवलेले."

पहिला पेपर नापास. म्हटलं, हरकत नाही, पुढे डोंगर आहेत, मसाफीचं फ्रायडे मार्केट आहे. हे मार्केट नावाला शुक्रवारचं, भरतं आठवडाभर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, गालिचे, माठ, फुगवलेले डायनासोर, आणि, मी मनात हात जोडले, झाडं! कुंड्याच कुंड्या! मी म्हटलं, "बघा बाबा, केवढी हिरवाई!" बाबा गेले, एक पान चोळलं, वास घेतला. "हा क्रोटन आहे. इंदापूरला आमच्या रेस्ट हाउसला होता. हा पारोसा दिसतोय." तेवढ्यात अनुराधाने गालिच्याची घासाघीस सुरू केलेली. "भाईसाब, लास्ट प्राइस बोलो... नहीं, लास्ट का लास्ट!" आणि ईशानीने कणीस मागितलं. पाच दिरहम. सासऱ्यांनी लगेच मोठ्यानं गुणाकार केला, "म्हणजे साठ रुपये! साठ रुपयांचं कणीस! सतीशराव, एवढ्यात मी रोपवाटिका चालवत होतो!" आजूबाजूचे चार मलबारी वळून बघायला लागले, त्यांना कळलं नाही काय झालं, पण माझ्याकडे बघून त्यांना वाईट वाटलं एवढं नक्की.

आता खरी चूक माझी. तेवढी मी कबूल करतो, बाकीच्या सगळ्या इतरांच्या. मी म्हटलं, बाजार नको, खरा निसर्ग दाखवतो. ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, मसाफीच्या पुढे डावीकडे कच्चा रस्ता आहे, आत वादी आहे. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. तिथे मोठ्या चाकांच्या गाड्या जातात, फोर व्हील! आमची काय, सेकंडहँड सेडान, मागच्या काचेत टिश्यूचा डबा आणि मानेनं हो-हो करणारा कुत्रा. पण परीक्षेत मागे कोण हटतं? घातली आत! दोन वळणं झकास गेली. दोन्हीकडे तपकिरी डोंगर, वर निळंभोर आकाश, डिसेंबरची गार हवा. अनुराधासुद्धा म्हणाली, "छान आहे हो." आणि छान म्हणाली रे म्हणाली, गाडी खाली बसली. बसली म्हणजे काय, मागची दोन्ही चाकं खडीत अर्धी आत! मी गिअर टाकला, आणखी आत. मी रिव्हर्स टाकला, आणखी आत! मोबाइल काढला, कंपनीने दिलेला, विटेएवढा. रेंज नाही. अथर्वने वायरी काढल्या, "डॅड, आर वी लॉस्ट?" मी म्हटलं, "नाही बाळा, आपल्याला सगळं माहितीये, फक्त जाता येत नाही."

मी मांडी घालून बर्फाच्या डब्याच्या झाकणाने खडी उपसतोय, घामाघूम झालोय, आणि जावयाच्या मदतीला सासरा येतो का? छे! पाहुणे ते! काठी टेकत निघाले वादीच्या वर. आणि थोड्या वेळाने अशी हाक ऐकू आली, अशी हाक, की मला वाटलं साप चावला! "अनू! सतीशराव! इकडे या! पळत या!"

पळालो. वळणापलीकडे बघतो तर झाडं. नळी नाही, सलाईन नाही, कुणी लावलेली नाहीत असं वाटावं अशी जुनी, वाकडी, बारीक पानांची दहाबारा झाडं, आणि खाली गार सावली. आणि आमचे सासरे, ज्यांनी स्वतःच्या लग्नात हार घालतानासुद्धा चेहरा सरकारी ठेवला होता म्हणतात, ते एका बुंध्याला दोन्ही हात लावून उभे. डोळ्यांत पाणी! म्हणाले, "ही शमी आहे."

मी म्हटलं, "बाबा, इथले लोक हिला घाफ म्हणतात. रस्त्याच्या कडेला सगळीकडे असते."

"सगळीकडे? सतीशराव, ही शमी आहे! आपली! गणपतीला वाहतो ती!"

तुम्हाला सांगतो, मी मटकन खालीच बसलो. दर गणपतीत आम्ही काय करतो? मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या हातापाया पडतो, "एवढी पत्री आणा हो, शमी विसरू नका हो!" तो बिचारा ओल्या रुमालात गुंडाळून, कस्टमला घाबरत घाबरत चार काड्या आणतो, त्याच्यावरून मंडळात भांडणं होतात, मग एकेक पान कात्रीने कापून आम्ही दहा घरांत वाटतो. आणि ही बया इथे मैलोनमैल उभी! उंट खातायत! कुणी बघितलंच नाही हो! बघणार कसं, एसी लावून, काचा वर करून ताशी एकशेवीसने गेल्यावर झाड दिसतं का?

मला आशा वाटायला लागली. म्हटलं, झालो पास! शमीखाली चटई पसरली, डबे उघडले, सासरे चक्क म्हणाले, "जागा समाधानकारक आहे." समाधानकारक! तथापि नाही, काही नाही, नुसतं समाधानकारक! मी अनुराधाकडे बघितलं, अनुराधाने माझ्याकडे बघितलं... आणि तेवढ्यात बकऱ्या आल्या.

बकऱ्या हो! आठदहा असतील. काळ्या, केसाळ, लांब कानांच्या. आल्या त्या थेट झाडाशी. दोघीतिघी मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि शमीचा खालचा पाला कचाकच तोडायला लागल्या. ईशानी टाळ्या पिटतेय, "सो क्यूट!" आणि मी सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मी तो चेहरा आधी कधी बघितला नव्हता, पण अनुराधाने बघितला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "बाबा, नको. बाबा, आपण परदेशात आहोत."

बाबा उठले. काठी वर. आणि त्या डोंगरांनी जन्मात ऐकलं नसेल असं काहीतरी बाबा गरजले, "अवैध चराई!"

अवैध चराई! अहो, कुणाचं वन, कुणाचा कायदा, कुणाची बकरी! पण ते ऐकायला शुद्धीवर कोण होतं? पलीकडे दगड रचून केलेल्या चार भिंती होत्या, छप्पर नाही, एका बाजूला येण्याजाण्याची फट. सासऱ्यांनी बघितलं, ठरवलं, कोंडवाडा! आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोने पहाटे उठून केलेली थालीपिठं, ज्यातलं एक मी डब्यातून उचललं तर माझ्या हातावर चापट बसली होती, ती थालीपिठं त्यांनी तुकडे करकरून बकऱ्यांपुढे टाकत टाकत नेली! बकऱ्या मागोमाग, एकीमागे एक, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारख्या. सगळ्या आत गेल्या. "सतीशराव, दोन खुर्च्या! बर्फाचा डबा! फट बंद करा!" मी केली. हो, केली! सांगितल्यावर करायचं, एवढंच तर आपल्याला येतं. माझं काय, मी ड्रायव्हर!

सासरे कोंडवाड्यासमोर हाताची घडी घालून उभे. "आता मालक येईल. येतोच. मग पंचनामा."

आणि मालक आला! जुम्म्याची नमाज आटपून आला असणार, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, डोक्याला रुमाल, दाढी पिकलेली, पिकअप गाडी. उतरला. आमची रुतलेली गाडी बघितली. चटई बघितली. मग बघितलं आपल्या दगडी भिंतीच्या तोंडाशी आमच्या दोन खुर्च्या, त्यावर बर्फाचा डबा, आणि त्यावरून डोकावणारं एक बकरीचं तोंड, तोंडात थालीपीठ. माझ्या डोळ्यांपुढे काय काय गेलं सांगू! पोलीस, व्हिसा कॅन्सल, विमानतळ, सगळं खानदान एकाच विमानात! मी मनात म्हटलं, छान, आता फॅमिली एकटी जाणार नाही, मीपण बरोबर!

मी पुढे झालो, मालकाला इथे अरबाब म्हणतात तसं म्हणालो, "सलाम आलेकुम, अरबाब, सॉरी, व्हेरी सॉरी..." पण सासऱ्यांनी काठी आडवी घातली आणि हिंदीत, म्हणजे त्यांना जे हिंदी वाटतं त्यात, विचारलं, "ये बकरी किसकी है?"

म्हातारा म्हणाला, "हमारा."

"शरम नहीं आती? झाड खा रही है! आपको मालूम है, ये झाड किसका है?"

"झाड भी हमारा." म्हाताऱ्याने सावकाश सगळीकडे हात फिरवला, "ये दीवार भी हमारा. बकरी हमारा, झाड हमारा..." आणि सासऱ्यांना बुटांपासून दुर्बिणीपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुम किसका?"

काय प्रश्न आहे! सासऱ्यांनी उभ्या नोकरीत लोकांना हा प्रश्न विचारला असेल, त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा, लग्नानंतर पहिल्यांदा, त्यांना माझी गरज पडली! मी छाती पुढे काढली. म्हटलं, "हमारा है, अरबाब. मेरा ससुर. मेरे व्हिजिट व्हिसा पे है."

आणि तो म्हातारा हसायला लागला! वल्ला, देवाशपथ, इतका हसला की त्याला पिकअपला टेकायला लागलं. "सुबह से हम ये शैतान लोग पकड़ता! दो घंटा! एक अंदर, दो बाहर! नमाज का टाइम हो गया, हम छोड़ के गया. और तुम्हारा ससुर सब अंदर किया! क्या खिलाया?" अनुराधाने डब्यातलं उरलेलं एक थालीपीठ पुढे केलं. त्याने खाल्लं. मान हलवली. "इसको क्या बोलता?" अनुराधा म्हणाली, "थालीपीठ." तर म्हणाला, "बकरी लोग समझदार है."

अहमद त्याचं नाव. हिंदी कसं येतं म्हणाल तर मुंबईला डोळ्याचं ऑपरेशन करायला गेला होता, महिनाभर हॉस्पिटलात राहिला, नर्सबायांनी शिकवलं. त्याने पिकअपमधून गालिचा काढला, खजूर काढले, गाव्याची, म्हणजे त्यांच्या वेलचीवाल्या कॉफीची, सुरई काढली. इथली रीत अशी की वाटीएवढा पेला, पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा, नाहीतर भरतच राहतात. हे मी सासऱ्यांना सांगणार, तर म्हणे, "मधे बोलू नका." मग बसा! अहमद ओततोय, सासरे पितायत, वाढलेलं टाकायचं नाही ना! शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला, पेला आपोआप हलला आणि सुटका झाली.

बरं, दोघांचं जमलं काय सांगू! एक खालच्या फांद्या कशा छाटाव्यात ते सांगतोय, दुसरा बापाने ही झाडं कशी जपली ते सांगतोय. बोलता बोलता अहमद म्हणाला, "मेरा बच्चा लोग सब दुबई, अबू धाबी. बड़ा बड़ा घर. शुक्रवार को आता था पहले. अब टेलिफोन करता. हम इधर बैठता, बकरी के साथ झगड़ा करता." मग विचारलं, "तुम्हारा?"

सासरे म्हणाले, "ये एक ही बेटी है. इसको और बच्चों को मैं ले जा रहा हूँ. पूना."

"और ये?" अहमदने माझ्याकडे बोट केलं. "ये आदमी इधर अकेला?"

सासरे म्हणाले, "नौकरी में रहना पड़ता है. मैं भी रहा. जंगल में. पूरी नौकरी."

मी खाली मान घालून खजुराची बी बघतोय. बोलायला पाहिजे होतं हो मी! सगळं पाठ होतं, सुजीतची खाट, मुलाचा फोन, सगळं. तोंड उघडेना. आणि अनुराधा, जी सकाळपासून बाबा म्हणतील तसं म्हणत होती, ती खाली बघून लाडवांच्या डब्याचं झाकण लावत लावत म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीये? तुम्ही गणपतीत घरी यायचात ना रजा घेऊन, तेव्हा दार मी उघडायची. आणि आत जाऊन आईला सांगायची, कुणीतरी आलंय."

एवढंच म्हणाली. झाकण लागत नव्हतं, तरी लावत राहिली.

सासरे उठले. झाडापर्यंत गेले, बुंध्यावर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी त्या माणसाची नक्कल करून मित्रांना हसवत आलो, पण त्या वेळी मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं. गेलो नाही. जावयाला सगळीकडे जाता येत नाही. मग ते वळले, घसा खाकरला, आणि खात्याच्या आवाजात म्हणाले, "प्रत्यक्ष पाहणीअंती असे दिसते की मुलांना वाढायला इथे झाड आहे. सबब, मुलं आणि अनू इथेच राहतील. पुण्याच्या शाळेला मी कळवतो." आणि माझ्याकडे बघून, जरा हळू, "बापाजवळ."

मी रडलो हो! उघडउघड रडलो! अथर्व म्हणाला, "डॅड, यू आर बीइंग सो वीअर्ड." म्हण बाबा, काय म्हणायचं ते म्हण, रोज म्हण, समोर बसून म्हण!

अहमदने दोर लावून गाडी ओढून काढली. झालं, सुखी झालो, संपलं, खलास, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं! पण सासऱ्यांचा व्हिसा अजून दोन महिन्यांचा होता. दर शुक्रवारी पहाटे दारावर टकटक, "सतीशराव, शमी!" आठवडाभर ऑफिसात बैल होऊन राबावं, एक शुक्रवार झोपायला मिळतो, तर तो गेला वादीत! दोन म्हातारे फांद्या छाटतायत, पोरं झाडावर, बायको गालिच्यावर आडवी होऊन मासिक वाचतेय, आणि मी? मी पाण्याचे कॅन वाहतोय! माझं काय, मी ड्रायव्हर!

शेवटी फेब्रुवारीत सासरे गेले. विमानतळावर माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. म्हणाले, "अहमदभाईंना एकट्यांना आवरत नाही. सदर कामाचा प्रभार तुमच्याकडे देत आहे." प्रभार! मला! अनुराधाकडे बघितलं तर ती म्हणाली, "बाबा म्हणालेत ना आता."

तर परवा शुक्रवारी गेलो. अहमद गालिच्यावर बसलेला, बकऱ्या शमीला लागलेल्या. काठी घेतली, ताठ उभा राहिलो, सगळं घर बघतंय, आणि सासऱ्यांच्या वरताण आवाज काढून ओरडलो, "अवैध चराई!"

एक बकरी हलली नाही. एक! चघळत चघळत त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अनुराधाकडे बघितलं. ती मासिकातून डोकं वर न काढता नुसतं "हाड" म्हणाली, आणि सगळ्या निमूट भिंतीआड गेल्या. आता काय बोलायचं सांगा! महिना-दोन महिन्यांत त्या मुक्या जनावरांनासुद्धा कळलं, आमच्याकडे कुणाचं चालतं ते.